इंजिन गरम झाल्यावर स्लोला (रेस न देता) मिस मारतं, म्हणजे एखादं सिलिंडर पेटत नाही, रेस दिली की ठीक (१.२ पेट्रोल, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट)

१२००सीसी_पुणे (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची, चार सिलिंडर, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक. एक लाख आठ हजार किलोमीटर झालेत, त्यातले साधारण सत्तर हजार सीएनजीवर. किट सिक्वेन्शियल, बाहेरून बसवलेलं, आरसीवर नोंद आहे. प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी स्वतंत्र कॉइल. थ्रॉटल (आत जाणारी हवा कमीजास्त करणारी पाकळी) इलेक्ट्रॉनिक, केबल नाही.

तक्रार अशी: सकाळी गार इंजिन एका सेल्फमध्ये सुरू होतं आणि पहिली काही मिनिटं एकदम ठीक चालतं. तापमानाचा काटा मधोमध आला की सिग्नलला उभं असताना सीटमध्ये आणि स्टिअरिंगमध्ये ठरावीक अंतराने झटका जाणवतो. आरपीएम ६५० ते ७५० च्या मध्ये हलतो. एसी लावला की झटका वाढतो. १५०० च्या वर नेलं की काहीच नाही, हायवेला ८०-९० ला तक्रार शून्य. ॲव्हरेज थोडं पडलंय. चेक लाइट मधूनच लागते आणि आपोआप जाते.

झालेली कामं: चारही प्लग नवीन (साधे निकेलचे), एअर फिल्टर नवीन, थ्रॉटल बॉडी साफ. काही फरक नाही. आता गॅरेजमधून सांगताहेत की चारही कॉइल बदला, त्याने नाही गेलं तर इंजेक्टर. पैसे घालण्याआधी काय काय तपासू? घरी पाने, मल्टीमीटर आणि ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा) आहे.

टायमिंग_चेन

कॉइलना हात लावायच्या आधी एवढं ठरवू की हे नेमकं कुठल्या प्रकारचं थरथरणं आहे. सगळ्याला लोक ‘स्लो बिघडला’ म्हणतात, पण तीन वेगळे आजार आहेत.

आरपीएम ७०० वर स्थिर आहे आणि फक्त बॉडी थरथरतेय, तर इंजिन बहुतेक निर्दोष आणि माउंटिंग बसलेलं असतं. आरपीएम ६०० ते ११०० असा सावकाश वरखाली झुलतोय, तर कुठूनतरी फालतू हवा आत जातेय किंवा थ्रॉटल घाण आहे. आरपीएम फार हलत नाही पण ठरावीक तालात झटका बसतोय, तर एक सिलिंडर पेटत नाहीये. तुम्ही लिहिलंय त्यावरून तिसरा प्रकार वाटतो.

चेक लाइट लागून गेली तरी कोड मेमरीत राहतो. स्कॅनर लावून साठवलेले आणि पेंडिंग, दोन्ही कोड बघा. पी ०३०० म्हणजे कुठलंही सिलिंडर, पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे त्या त्या नंबरचं सिलिंडर. भारतात एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ लागू झालं, त्यामुळे तुमच्या २०१४ च्या गाडीत मिसफायर पकडण्याची सोय असायला हवी. ॲपमध्ये ‘मोड ०६’ मिळालं तर प्रत्येक सिलिंडरचा मिसफायर काउंट तिथे दिसतो, लाइट न लागताही.

मग लाइव्ह डेटा. इंजिन पूर्ण गरम, एसी आणि हेडलाइट बंद, पेट्रोलवर. हे आकडे लिहून घ्या: कूलंट तापमान, मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब), शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो), बॅटरी व्होल्टेज. एकदा स्लोला, एकदा २५०० ला अर्धा मिनिट धरून.

निरोगी इंजिनात तापमान ८५ ते ९५ च्या आसपास, स्लोला मॅप साधारण ३० ते ३५ किलोपास्कल, व्होल्टेज १३.८ ते १४.५, ट्रिम दोन्ही मिळून अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन केली तर मॅपने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. पुण्यात तो ९५ च्या आसपास येईल, मुंबईत १०१. तिथे ८५ दाखवत असेल तर सेन्सरच खोटं बोलतोय आणि पुढचं सगळं वाचन फुकट.

एक गोष्ट लक्षात ठेवा: लाइट लागून न राहता लुकलुकायला लागली तर गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा भाग) जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो.

दहा_नंबर_पाना

कॉइल खराब आहे की नाही हे बघायला नवीन कॉइल लागत नाही, जागा बदलून कळतं. समजा कोड पी ०३०३ आला. इंजिन बंद करून तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर टाका. कोड पुसा, गाडी गरम करा, पुन्हा बघा. कोड पहिल्यावर सरकला तर कॉइल गेली. तिसऱ्यावरच राहिला तर कॉइल निर्दोष. तसंच मग प्लग दुसऱ्या सिलिंडरवर हलवा. एका वेळी एकच वस्तू, नाहीतर काय सरकलं ते कळणार नाही. बहुतेक गाड्यांत पहिलं सिलिंडर टायमिंग चेनच्या बाजूचं असतं.

कॉइल उपसताना तिच्या रबराच्या नळीकडे आणि प्लगच्या विहिरीत बॅटरी मारून नीट बघा. रबरावर उभी बारीक करडी रेघ दिसली तर करंट तिथून हेडला उडी मारतोय. विहिरीत ऑइल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि विहिरीभोवतीच्या रिंगा गेल्यात. तिथे कॉइल कितीही बदला, नवीन रबरही ऑइलने फुगून पुन्हा मिस मारणार.

प्लग काढण्याआधी विहिरीत हवा मारा, नाहीतर खडा थेट सिलिंडरमध्ये. बसवताना प्लग पाना न लावता हाताने टेकेपर्यंत फिरवा. वॉशरवाला नवीन प्लग असेल तर त्यानंतर पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, त्यापेक्षा जास्त नको. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले की खर्च मोठा. टॉर्क पाना असेल तर १४ मिलिमीटर आट्यांना २० ते ३० न्यूटन मीटर. १२ मिलिमीटरच्या बारीक प्लगला १५ ते २० पुरतात.

कुठलं सिलिंडर हे स्कॅनरने सांगितलं नाही, तर गरम इंजिन स्लोला ठेवून एकेका इंजेक्टरचा कपलर काढून बघा. चांगल्या सिलिंडरचा कपलर काढला की इंजिन लगेच खाली बसतं. ज्याचा काढून काहीच फरक पडत नाही ते मेलेलं. कान पहिल्या सेकंदाकडे द्या, कारण इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलवाला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) दोन-तीन सेकंदांत हवा वाढवून आरपीएम परत जागेवर आणतो आणि फरक लपतो. काही जुने हात चालू इंजिनवर कॉइलच उपसतात, ते करू नका. करंट हजारो व्होल्टचा असतो. तो तुमच्यातून जाईल किंवा कॉइल मारेल, शिवाय कच्चं पेट्रोल सायलेन्सरकडे जात राहतं.

गॅस_रेल

पहिला प्रश्न: झटका पेट्रोलवर येतो, सीएनजीवर येतो की दोन्हीवर? हे तुम्ही लिहिलंच नाहीये, आणि दोन इंधनांच्या गाडीत सगळ्यात मोलाची माहिती हीच.

सिक्वेन्शियल किटमध्ये पेट्रोलचे चार इंजेक्टर वेगळे आणि गॅसच्या रेलवरचे चार वेगळे. फक्त गॅसवर मिस मारत असेल तर संशय गॅस फिल्टर, रेलचा इंजेक्टर, रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), मॅनिफोल्डमध्ये भोक पाडून बसवलेलं नोझल किंवा ट्यूनिंग यांच्यावर. फक्त पेट्रोलवर मारत असेल तर पेट्रोलचा इंजेक्टर, किंवा किट बसवताना त्याची वायर कापून जोडलेला सांधा. तो सांधा टेपने गुंडाळलेला असतो, त्यात हिरवा गंज धरतो. दोन्हीवर एकाच सिलिंडरला मारत असेल तर इंजेक्टर सगळे सुटले, एक पैसा खर्च न करता. मग उरतात दोन्हींना समाईक गोष्टी: करंट, हवा आणि कॉम्प्रेशन.

आता प्लग. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलसाठी १.० ते १.१ मिलिमीटर गॅपचे प्लग तसेच टाकले तर कमजोर कॉइल स्लोला आणि चढावर चुकते. गॅसच्या गाडीत ०.७ ते ०.८ ठेवतात. निकेलचा प्लग गॅसवर लवकर झिजून गॅप वाढतो, तेव्हा तो मधूनमधून काढून बघा. इरिडियमचं टोक बारीक असतं, त्याच्या मध्ये नाण्यासारखं गोल गेज घुसवून गॅप करू नका, टोक तुटतं.

सिलिंडर ते रिड्यूसर ही लाइन २०० बारची आहे. तिचा एकही नट घरी सैल करायचा नाही. इंजिनवर काम करण्याआधी सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करून गाडी पेट्रोलवर आणा.

घाटमाथा_७

आमच्या भागात दोन साधी कारणं फार सापडतात. एक, पावसाळ्यात उंदीर. बॉनेटखाली मॅनिफोल्डच्या मागची बारीक व्हॅक्यूम नळी आणि इंजेक्टरच्या वायरी कुरतडतात, वरून काही दिसत नाही. मोबाइलचा कॅमेरा मागे घालून फोटो काढा. दुसरं, ई२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉलवालं). तुमची गाडी २०१४ ची, तेव्हा त्याचा त्रास असू शकतो.

तात्पुरता उपाय म्हणून थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूने स्लो १००० वर नेला तर झटका जातो, बरेच जण तसंच करतात.

टायमिंग_चेन

उंदराचा मुद्दा बरोबर, तेवढं आधी बघून घ्याच. पण स्टॉप स्क्रूला कृपया हात लावू नका. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये तो कारखान्यात लावलेला असतो. ईसीयू त्या बंद स्थितीपासूनच पाकळीचा कोन मोजतो. स्क्रू फिरवला की शिकलेलं सगळं चुकतं, पी ०५०७ (स्लो जास्त असल्याचा कोड) येतो आणि मूळ बिघाड आत तसाच राहतो. जे सिलिंडर पेटत नाहीये ते १००० ला पण पूर्ण पेटत नाही, फक्त तुम्हाला जाणवत नाही.

ई२० बद्दल: इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला एक भाग इंधनामागे १४.७ भाग हवा, ई१० ला सुमारे १४.१, ई२० ला सुमारे १३.५. म्हणजे ई१० वर बसवलेल्या गाडीत ट्रिम चार-पाच टक्क्यांनी वर सरकेल. ईसीयूला ते सहज पेलतं. त्रास झालाच तर गार इंजिनात होईल, कारण तेव्हा ऑक्सिजन सेन्सरचं ऐकलं जात नाही. इथे उलटं आहे, गार इंजिन ठीक आणि गरम बिघडलेलं. शिवाय इंधनाचा दोष चारही सिलिंडरना सारखा लागतो, एकट्याला नाही.

हवेची गळती शोधायची तर साध्या पाण्याचा फवारा घ्या. मॅनिफोल्डचे सांधे, ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची (क्रँककेसमधली वाफ परत ओढणारी) नळी, गॅसची नोझलं यांवर थोडं थोडं मारा. आवाज बदलला ती जागा. कार्ब क्लीनर गरम मॅनिफोल्डजवळ मारू नका, पेट घेतो, आणि तुमच्याकडे तर गॅसची गाडी आहे. कॅनिस्टर पर्जची (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात आणणारी) नळी पक्कडीने कापड लावून हलकेच दाबा. इंजिन सुधारलं तर पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. टाकी फुल केल्यावर लगेच स्टार्टिंगला त्रास होतो तोही त्याचाच.

बारीक पण महत्त्वाची गोष्ट: आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हवा मोजायला एमएएफ (आत जाणारी हवा थेट मोजणारा सेन्सर) नसून मॅप सेन्सर असतो. एमएएफवाल्या गाडीत गळतीची हवा मोजलीच जात नाही, म्हणून मिश्रण पातळ होऊन ट्रिम स्लोला +२० जातो आणि २५०० ला खाली येतो. मॅपवाल्या गाडीत ती हवा मॅनिफोल्डच्या दाबात धरलीच जाते. तिथे ट्रिम फारसा हलत नाही, स्लोच वर जातो. इंटरनेटवरचे बहुतेक धडे एमएएफ धरून लिहिलेले असतात, ते जसेच्या तसे लावले की माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो.

१२००सीसी_पुणे

सगळ्यांचे आभार. क्रमाने करून बघितलं.

साठवलेला कोड पी ०३०३. मोड ०६ मध्ये तिसऱ्याचाच काउंट वाढतोय, बाकी तिघांचा शून्य किंवा एक-दोन. झटका पेट्रोल आणि गॅस दोन्हीवर, सारखाच. कॉइल पहिल्यावर हलवली, कोड तिसऱ्यावरच राहिला. प्लग दुसऱ्यावर हलवला, तरी तिसराच. प्लगच्या विहिरी कोरड्या, रबरावर रेघ नाही. गॅप १.० होता, ०.८ केला, फरक नाही.

गरम झाल्यावर तापमान ९१, व्होल्टेज १४.१, चावी ऑनला मॅप ९५, स्लोला ३८. लाँग टर्म ट्रिम स्लोला +९, २५०० ला +३. पाण्याचा फवारा सगळीकडे मारला, काही बदल नाही. वायरी आणि नळ्या अखंड आहेत. तिसऱ्या इंजेक्टरचा कपलर गरम असताना काढला तर जेमतेम फरक. गार असताना काढला तर इंजिन नीट खाली बसतं.

ट्रिम +९ म्हणजे पेट्रोल कमी पडतंय का? पंपाचा फिल्टर?

टायमिंग_चेन

नाही. पंप किंवा फिल्टर चोंदला असता तर ट्रिम २५०० ला वाढला असता, कारण तिथे मागणी जास्त. तुमच्याकडे कमी होतोय. शिवाय गॅसवर पंपाचा संबंध नाही आणि झटका गॅसवरही आहे. तो +९ मिसफायरमुळेच दिसतोय. सिलिंडर पेटलं नाही की त्यातला ऑक्सिजन न वापरता सायलेन्सरकडे जातो. सेन्सरला ‘मिश्रण पातळ’ असं वाटतं, मग ईसीयू चौघांनाही पेट्रोल वाढवून देतो. ॲव्हरेज पडलं त्याचंही कारण हेच.

करंट सुटला, इंजेक्टर सुटले, हवा सुटली. कॉम्प्रेशन उरलं. आणि ‘गार ठीक, गरम खराब, रेसला ठीक, सत्तर हजार किलोमीटर गॅसवर’ हे चार एकत्र आले की माझा पहिला संशय एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला उघडणारा कॅम यांच्यातली फट) संपल्यावर जातो.

कॉम्प्रेशन टेस्ट करा, पण दोनदा. एकदा सकाळी गार आणि एकदा पूर्ण गरम. नुसती गार टेस्ट घेऊन ‘इंजिन ओके’ म्हणून सोडून देतात, आणि असा बिघाड नेमका तिथेच निसटतो.

गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, चारही कॉइलचे कपलर सोडलेले, चारही प्लग बाहेर. बॅटरी भरलेली हवी. एक जण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरेल. काही इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल सेल्फ मारताना पाकळी उघडत नाहीत. तसं असेल तर एअर पाइप काढून डोळ्यांनी खात्री करा. प्रत्येक सिलिंडरला सेल्फ मारून काटा थांबेपर्यंत, साधारण पाच-सहा झटके. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे जास्त बोलतं. १४-१५ पीएसआयच्या आत असावा. गरम टेस्टमध्ये जो कमी येईल त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर, ५ मिलिलिटर, इंजिन ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा भरभर वर गेला तर पिस्टनच्या रिंगा. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारची दोन्ही कमी आली तर हेड पॅकिंग.

१२००सीसी_पुणे

ओळखीच्या मेकॅनिकचं गेज आणून घेतलं. १ ते ४ क्रमाने, पीएसआयमध्ये.

गार: १७०, १७२, १६०, १६८.
गरम: १७८, १८०, १२२, १७४.
तिसऱ्यात ऑइल टाकून गरम: १२७.

टॅपेटचा आवाज मात्र अजिबात नाही. मेकॅनिक म्हणतात आवाज नाही म्हणजे टॅपेट ठीक.

टायमिंग_चेन

क्लिअरन्स वाढलं की टक टक आवाज येतो. कमी झालं की आवाज येतच नाही, उलट इंजिन आधीपेक्षा शांत वाटतं. गॅसच्या गाडीत वाढण्यापेक्षा कमी होण्याची भीती मोठी, म्हणून कान तिथे उपयोगाचे नाहीत. फिलर गेजच (ठरावीक जाडीची पाती) लागतं.

होतं काय ते सांगतो. गॅस कोरडा असतो. पेट्रोलच्या ज्वलनाने सीटवर जो पातळ थर राहतो तो गॅसवर मिळत नाही. व्हॉल्व्ह धातूवर धातू आपटत सीट झिजवतो आणि हळूहळू हेडमध्ये वर चढतो. त्याचं शेपूट कॅमच्या जवळ येतं आणि मधली फट आटत जाते. इंजिन गार असेपर्यंत थोडी फट शिल्लक असते, व्हॉल्व्ह पूर्ण बसतो. गरम झालं की व्हॉल्व्हची दांडी लांबते, फट शून्य होते आणि कॅम त्याला केसभर उघडा धरून ठेवतो. स्लोला आत हवाच कमी असते आणि गळायला वेळ भरपूर मिळतो, म्हणून सिलिंडर पेटत नाही. ३००० ला तेवढा वेळच मिळत नाही, म्हणून हायवेला काही कळत नाही. एक्झॉस्टचाच आधी जातो कारण तापतो तोच जास्त.

तिसऱ्याचा गार १६० आणि गरम १२२, ऑइल टाकून १२७. रिंगा ठीक आहेत, व्हॉल्व्ह गळतोय.

मोजणी अशी: इंजिन रात्रभर गार. टॅपेट कव्हर काढा. ज्या व्हॉल्व्हची फट मोजायची त्याच्या कॅमचं नाक बकेटच्या (कॅम आणि व्हॉल्व्हमधली वाटी) विरुद्ध दिशेला येईपर्यंत क्रँक पुलीचा बोल्ट इंजिनच्या चालीच्या दिशेनेच फिरवा, उलटा नाही. पातळ पात्यापासून सुरू करा. हलक्या घर्षणाने सरकणारं पातं म्हणजे तुमची फट. सोळाही व्हॉल्व्हचे आकडे कागदावर लिहा, इनटेक आणि एक्झॉस्ट वेगळे, आणि सर्व्हिस मॅन्युअलच्या आकड्यांशी ताडा. ज्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट असतात तिथे ही सेटिंग नसते, तेव्हा तुमच्यात कोणते आहेत हे आधी बघा.

१२००सीसी_पुणे

साधे बकेट आहेत, वेगळी शिम (फट जुळवणारी चकती) नाही. मॅन्युअलमध्ये गार इंजिनाला इनटेक ०.२०, एक्झॉस्ट ०.३०, दोन्हीकडे ०.०३ ची सूट.

इनटेक सगळे ०.१७ ते ०.१९. एक्झॉस्ट: तिसऱ्याचे ०.०५ आणि ०.१२, बाकीचे ०.१५ ते ०.२० च्या मध्ये. म्हणजे एक्झॉस्ट एकही हद्दीत नाही. फक्त तिसऱ्याचे दोन बदलले तर चालेल का?

दहा_नंबर_पाना

आठही एक्झॉस्ट बकेट बदला. ०.१५ वाले काही दिवसांनी तिथेच पोचणार आणि कॅम पुन्हा उतरवावा लागणार. मजुरी कॅम उतरवण्याची आहे, बकेटची नाही.

हिशोब सोपा: जुन्या बकेटची जाडी, अधिक मोजलेली फट, वजा हवी असलेली फट. तिसऱ्याचं बकेट समजा ३.२० जाडीचं, फट ०.०५, हवी ०.३०. म्हणजे ३.२० + ०.०५ − ०.३० = २.९५. नेमकं २.९५ मिळालं नाही आणि २.९४ व २.९६ मिळत असतील तर पातळ घ्या. फट ०.३१ येईल, हद्दीत आहे, आणि गॅसवर ती कमीच होत जाणार. जाडी बकेटच्या आत कोरलेली असते, तरी मायक्रोमीटरने मोजून घ्या, कोरलेला आकडा नवेपणीचा असतो.

कॅम उतरवण्याआधी पहिलं सिलिंडर टॉपला (पिस्टन सगळ्यात वर) आणा, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटवर पेंटने खुणा करा, टेन्शनर लॉक करा. चेन खाली सुटली तर पुढचं कव्हर उघडावं लागतं. कॅमच्या टोप्यांवर नंबर आणि बाण असतात, त्या अदलाबदल करायच्या नाहीत. बोल्ट बाहेरून आत थोडे थोडे सैल करायचे आणि आवळताना आतून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. एकदम एका बाजूने सोडले तर स्प्रिंगच्या जोराने कॅम तुटतो. बसवून झालं की सेल्फ न मारता हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे. कुठे अडलं तर थांबा आणि टायमिंग पुन्हा बघा. फटी परत मोजा. कव्हरचं पॅकिंग आणि विहिरींच्या रिंगा नवीनच टाका, जुन्या परत लावल्या की ऑइल उतरतं.

टायमिंग_चेन

मेकॅनिककडून एक गोष्ट आधीच कबूल करून घ्या: गाडी परत देण्याआधी, सगळं बसवल्यावर इंजिन गरम करून कॉम्प्रेशन पुन्हा घ्यायचं. फट बरोबर केल्यावर तिसरा १६५-१७० वर आला तर काम संपलं. तरीही १२०-१३० वरच अडकला, तर व्हॉल्व्हची कड जळलीय. मग प्लगच्या भोकातून हवा भरून लीकडाउन टेस्ट करा, सायलेन्सरच्या टोकाला फुस्स ऐकू आलं की हेड उतरवण्याला पर्याय नाही. त्यात तो व्हॉल्व्ह नवीन, सीट घासणं किंवा कडक सीट बसवणं, गाइड बघणं, लॅपिंग, नवीन हेड पॅकिंग आणि नवीन हेड बोल्ट, एवढं येतं. हेडचं काम रोज करणाऱ्याकडेच द्या.

१२००सीसी_पुणे

आठही एक्झॉस्ट बकेट बदलले, एक्झॉस्ट फटी आता ०.२९ ते ०.३१. इनटेक हद्दीत होते, तसेच ठेवले. गरम कॉम्प्रेशन १७६, १७८, १७०, १७५. स्लोला ७३०, एसी लावून ८५०, झटका नाही. मोड ०६ मध्ये तिसऱ्याचा काउंट शून्य. ट्रिम +२. कॉइल आणि इंजेक्टर जुनेच आहेत.

आता गॅसवर चालवताना काय सांभाळू?

गॅस_रेल

आधी पेट्रोलवर शंभर-दीडशे किलोमीटर चालवा, ट्रिम स्थिर होऊ द्या. मग किटवाल्याकडे जाऊन लॅपटॉप लावून गॅसचं ट्यूनिंग नव्याने करून घ्या. आत्ताचं ट्यूनिंग मिस मारणाऱ्या इंजिनावर बसलेलं आहे, ईसीयू तेव्हा इंधन वाढवून देत होता. ट्यूनिंग झाल्यावर पेट्रोल आणि गॅस, दोन्हीवर स्लोला आणि २५०० ला ट्रिम बघा. दोन्हींमध्ये पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. ॲव्हरेजसाठी गॅस पातळ ठेवायला सांगू नका, पातळ मिश्रणाने व्हॉल्व्ह जास्त तापतो.

सकाळी पेट्रोलवर सुरू करून गॅसवर आपोआप जाऊ द्या. बदलाचं तापमान किटमध्ये फार खाली लावलं असेल तर रिड्यूसर गार असताना गॅस घेतो आणि मिश्रण बिघडतं. लांब चढ आणि हायवेचा सततचा वेग पेट्रोलवर काढता आला तर व्हॉल्व्हचं आयुष्य वाढतं. पेट्रोलची टाकी पाव तरी भरलेली ठेवा, रिकाम्या टाकीत पंप तापतो आणि इथेनॉलवालं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं.

गॅस फिल्टर किटच्या वेळापत्रकाप्रमाणे, सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी. एक्झॉस्टच्या फटी ४०,००० किलोमीटरला पुन्हा मोजून घ्या, आवाज असो वा नसो. आजचे सोळा आकडे आणि प्रत्येक बकेटची जाडी गाडीच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. पुढच्या मोजणीत फट किती उतरली ते त्यावरून कळेल आणि नवीन बकेट कॅम उतरवण्याआधीच मागवता येतील.